ताशी साठच्या आतली माणसं

रेल्वेच्या वेटिंग लिस्टला निदान नंबर असतो. फ्लाइंग राणीने वापीला जायचं म्हटलं, तर काल सव्वीसवर होतो, आज बाविसावर आलो, म्हणजे आणखी चार जणांचे बेत फिसकटले, एवढं तरी समाधान मिळतं. आमचे साडू ज्या यादीत होते तिला नंबर नव्हता, तारीख नव्हती, आणि कागद तरी होता की नाही याची मला शंका आहे. मुंबईतल्या एका झगझगीत दुकानात कोट घातलेल्या तरुणाने "सर, आपलं नाव नोंदवून घेतलंय" असं सांगितलं, तेव्हा त्याच्या हातात पेन नव्हतं. समोरच्या काचेच्या कपाटात नेमकं तेच घड्याळ मांडलेलं होतं.

"हे आहे की इथे," साडू म्हणाले.

"हे फक्त बघण्यासाठी आहे, सर."

"मग विकायचं कुठे आहे?"

"ते बघायला मिळत नाही, सर."

हे सगळं साडू मला तक्रार म्हणून सांगत नव्हते. पहिल्याच खेपेला मिळालं असतं तर त्यांनी घेतलं नसतं.

साडूंचा सुरंगीला कारखाना आहे. दादरा-नगर हवेलीत करसवलतींचा मोसम होता तेव्हा ते धुळ्याहून सुपरवायझर म्हणून आले आणि पुढे स्वतःची मशिनं टाकून सिल्वासावासी झाले. ते बाटल्यांची बुचं बनवतात. अशा माणसाला पन्नाशीत अचानक स्टीलचा क्रोनोग्राफ हवासा वाटला, त्याचं कारण त्यांनी 'हेरिटेज' असं सांगितलं. मेव्हणीच्या मते कारण समोरच्या प्लॉटवरचा प्लास्टिक दाणेवाला होता. त्याने जर्मन गाडी घेतली होती.

घड्याळाच्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही. साडूंनी तशी शपथ घातली आहे. प्राप्तिकर खातं मराठी लेख वाचतं असा त्यांचा समज आहे, आणि एका लेखकाला त्यापेक्षा सुखद समज कुठला मिळणार?

यादीत वर सरकायचं तर दुकानात आधी इतर खरेदी करावी लागते, असं साडूंना हळूच सुचवण्यात आलं. म्हणून त्यांनी मेव्हणीला एक नाजूक घड्याळ घेतलं. मग टेबलावर ठेवायचं एक घड्याळ घेतलं. मग कफलिंक्स घेतल्या. साडू बारा महिने अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट घालतात. माझ्या सासऱ्यांना मात्र यात काही नवल वाटलं नाही. त्यांनी आकुर्डीच्या बजाजची स्कूटर बुक केली होती, तेव्हा बुकिंगचा कागद मुलीच्या लग्नात आहेर म्हणून देता येईल अशी चर्चा घरात चालायची. लोक दहा-दहा वर्षं थांबत. आणि स्कूटर हाती आल्यावर दारातून तशीच विकली तर कारखान्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मिळत. जुनी नव्यापेक्षा महाग. आज या स्टीलच्या क्रोनोग्राफांच्या बाजारात अगदी हेच चालतं. १९९१ साली आपण जी अर्थव्यवस्था मोडीत काढली, तिचे सुटे भाग बहुधा स्विस लोकांनी उचलले.

गंमत म्हणजे या सगळ्या गोत्राचा जो मूळपुरुष, त्याला एके काळी कुत्रं विचारत नव्हतं. ओमेगाने १९५७ साली स्पीडमास्टर काढलं आणि वेग मोजायची पट्टी तबकडीवरून उचलून बाहेरच्या कड्यावर नेली. रोलेक्सने १९६३ साली कॉस्मोग्राफ काढलं, त्याच्याही कड्यावर तशीच पट्टी कोरली आणि फ्लोरिडातल्या मोटारशर्यतींच्या गावावरून त्याला डेटोना हे नाव चिकटवलं. पांढऱ्यावर काळ्या किंवा काळ्यावर पांढऱ्या तीन छोट्या तबकड्या, दोन बटणं, मधे चावी. आज लोक ज्याच्या नुसत्या फोटोसमोर हात जोडतात ते हे घड्याळ तेव्हा दुकानांत धूळ खात पडे. त्यातही आकड्यांची जरा वेगळी नक्षी असलेली तबकडी होती ती तर अजिबात खपत नसे. आता तीच सगळ्यांत महाग. म्हणजे यादीत नाव घालण्यापेक्षा साठ वर्षं आधी जन्माला आलेलं बरं.

शेवटी घड्याळ आलं. साडूंनी फोन करून "या" एवढंच सांगितलं, मुलगा झाल्यासारखं. आम्ही सुरंगीला पोहोचलो तेव्हा सासरे आधीच येऊन बसले होते. त्यांच्या मनगटावर त्यांचं एचएमटी जनता होतं, रोज सकाळी चहाआधी चावी दिलेलं. साडूंनी हात पुढे केला. सासऱ्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, घड्याळ नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "बंद पडलंय, जावईबापू. सेल घाला."

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. क्रोनोग्राफचा मधला लांब सेकंदकाटा एरवी हलतच नाही. तो वरचं बटण दाबलं की धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो, आणि खालचं दाबलं की टुणकन बारावर येतो. रोजचे सेकंद मोजणारा काटा खालच्या छोट्या तबकडीत, वाटाण्याएवढ्या जागेत फिरतो आणि चाळिशी लागलेल्या माणसाला तो दिसत नाही. हे घड्याळ परवडायला लागतं ते मात्र चाळिशीनंतरच. तेव्हा ज्याला ते दाखवायचं त्या प्रत्येकाला ते बंद वाटतं. साडूंचे आता पाहुण्यांशी होणारे सगळे संवाद "नाही, नाही, चालू आहे" या वाक्याने सुरू होतात.

"स्टीलचं?" मेव्हणीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "एवढ्या पैशात चार पाटल्या आल्या असत्या. स्टील आपण भांड्यांत घेतो."

साडूंनी तिला १९७२ सालची गोष्ट ऐकवली. ओदमार पिगे या कंपनीसाठी जेराल्ड जेंटा नावाच्या माणसाने एका रात्रीत रॉयल ओकचं चित्र काढलं. पाणबुड्याच्या शिरस्त्राणासारखं अष्टकोनी कडं, त्यावर उघडे दिसणारे आठ स्क्रू, आणि घड्याळ स्टीलचं असून अनेक सोन्याच्या घड्याळांपेक्षा महाग. लोक हसले, मग रांगेत उभे राहिले. पुढे याच घराण्यातल्या रॉयल ओक ऑफशोअरची एक मर्यादित आवृत्ती आपल्या तेंडुलकरच्या नावाने निघाली.

"म्हणजे आठ स्क्रू झाकायचे राहिले म्हणून महाग," मेव्हणी म्हणाली.

हार मानतील ते साडू कसले? त्यांनी स्टीलच्या प्रतीकडे मोर्चा वळवला. रोलेक्सवाले साधं स्टील वापरत नाहीत, नऊशे चार एल वापरतात, खाऱ्या पाण्यालाही दाद देत नाही, वगैरे. दुर्दैवाने त्या दिवशी जेवायला वापीचा एक फॅब्रिकेटर होता. त्याने भाताचा घास थांबवून चौकशी केली.

"नऊशे चार एल? ते तर आम्ही सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या कामाला वापरतो. कितीचं वजन असेल हो घड्याळाचं? शंभर ग्रॅम?"

"ते वजनावर नसतं," साडू म्हणाले.

"आमच्याकडे वजनावरच असतं. कातरण पडलेलं असतं. हवं तर पाठवतो."

वापीच्या रसायन पट्ट्यात सगळ्यांत वाईट गोष्ट कुठली म्हणाल, तर तिथे प्रत्येकाला धातूंचं कळतं.

आता उरलं ते त्या घड्याळाचं मुख्य काम, म्हणजे वेग मोजणं. कड्यावरची पट्टी कशी वापरायची हे साडूंना पाठ होतं. किलोमीटरचा एक दगड आला की बटण दाबायचं, पुढचा दगड आला की परत दाबायचं. काटा ज्या आकड्यासमोर थांबेल तो ताशी वेग. तीस सेकंद लागले तर काटा एकशेवीसवर, पंचेचाळीस लागले तर ऐंशीवर. पट्टी चारशेपासून सुरू होते आणि साठवर संपते. मी परत निघालो त्या दिवशी ते मला वापीला सोडायला आले, ते प्रेमापोटी नव्हे. त्यांना बटण दाबायला माणूस हवा होता.

सिल्वासा-वापी रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नगर हवेलीतून निघालं की गुजरात लागतं, मग दादरा लागतं, मग पुन्हा गुजरात. त्यामुळे दारू आधी सुरू असते, मग बंद होते, मग परत सुरू होते आणि वापीला पुन्हा बंद. हा सगळा फेरा एका बसलेल्या जागी पार पडतो. जगात क्रोनोग्राफचा एवढा चांगला उपयोग दुसरीकडे कुठे होईल असं मला वाटत नाही, पण साडूंना वेगच मोजायचा होता.

"दगड आला, दगड आला! दाबा!"

मी बटण दाबलं. ते दबेना.

"अहो, आधी स्क्रू सोडवा!"

या घड्याळाची बटणं पाणी आत जाऊ नये म्हणून आटे देऊन घट्ट बसवलेली असतात. वेळ मोजायच्या आधी ती फिरवून मोकळी करावी लागतात. शर्यतीसाठी घडवलेल्या घड्याळाला ही सोय कोणी सुचवली असेल? बहुधा ज्याचा घोडा नेहमी मागून येत असे, त्याने. मी एक बटण सोडवेपर्यंत दगड मागे पडला. पुढचा दगड झाडीत होता. त्याच्या पुढचा सापडला, मी बटण दाबलं, काटा रुबाबात निघाला, आणि आमच्यापुढे एक ट्रक आला. ट्रकच्या पुढे रिक्षा होती, रिक्षाच्या पुढे लग्नाचं वऱ्हाड होतं आणि वऱ्हाडाच्या पुढे, सगळ्यांच्या वेगाचा निर्णय घेत, एक म्हैस चालली होती. काटा साठ ओलांडून पुन्हा चारशेकडे वळला. परत एक फेरी. परत एक. पुढचा दगड आला तेव्हा बाजूच्या तबकडीत पाच मिनिटं भरून गेली होती.

"किती आला?" साडूंनी विचारलं.

"घड्याळाप्रमाणे आपण ताशी दोनशेने चाललोय," मी म्हणालो.

साडू खुलले. मग त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. म्हैस आमच्या पुढे गेली होती.

या पट्टीवर साठच्या खाली काही नाही. स्विस कारागिरांच्या कल्पनेत साठच्या खाली माणसं राहत नाहीत. आपण सगळेच्या सगळे, आपल्या मोटारी, एसट्या आणि वऱ्हाडांसकट, त्या कड्याच्या हिशेबाबाहेर राहतो आणि तरी तेच कडं मनगटावर बांधून फिरायला मरतो.

रस्त्यावर जमलं नाही म्हणून साडूंनी प्रयोग कारखान्यात नेला. तिथे मात्र सेकंदाला खरंच किंमत आहे. डाय बंद होते, दाणा वितळून आत जातो, थंड होतो, डाय उघडते, बुचं खाली पडतात. या एका फेरीला सायकल टाइम म्हणतात आणि त्यातला अर्धा सेकंद वाचला तरी दिवसाअखेर पोती वाढतात. साडू स्क्रू सोडवून, अंगठा बटणावर ठेवून, मशिनसमोर उभे राहिले. पोरं कौतुकाने पाहत होती. डाय बंद झाली, साडूंनी दाबलं. डाय उघडली, साडूंनी दाबलं.

"साडेबारा सेकंद," ते म्हणाले.

"बारा पॉइंट सहा," ऑपरेटर म्हणाला. त्याने वर पाहिलंही नाही. मशिनच्या पडद्यावर तांबड्या अक्षरांत तो आकडा प्रत्येक फेरीला येतच होता.

याच ऑपरेटरच्या मनगटावर साडूंच्या घड्याळाचा जुळा भाऊ होता. वापी स्टेशनबाहेर घेतलेला, फर्स्ट कॉपी, किंमत चार आकडीसुद्धा नाही. तेच कडं, त्याच तीन तबकड्या, तीच दोन बटणं. चहाच्या सुट्टीत दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून पाहण्याचा मोह साडूंनाच झाला. खऱ्या वस्तूचा दिमाख आपोआप कळेल, अशी त्यांची खात्री होती. आठ जणांनी पाहिलं. पाच जणांनी ऑपरेटरच्या घड्याळाला मत दिलं, कारण ते जास्त चमकत होतं. दोघं तटस्थ राहिले. एकाने साडूंचं निवडलं, पण त्याची पगारवाढ अडली होती.

"साहेब," ऑपरेटर संकोचून म्हणाला, "तुमच्यात तारीख नाय दिसत?"

"यात तारीख नसते. डिझाइनच तसं आहे."

"माझ्यात वार पन दिसतो."

ते खरं होतं. नकली क्रोनोग्राफात बहुतेक वेळा मोजायचं यंत्र नसतंच, मग छोट्या तबकड्यांना काहीतरी काम द्यायचं म्हणून त्यांत वार, तारीख असं काही बसवून देतात. साडू चेकवर सही करताना भिंतीवरचं कॅलेंडर पाहतात. हल्ली ते आधी दार लोटून घेतात.

मेव्हणीने एकदा मनापासून मदत करायचं ठरवलं. १९७० साली अपोलो १३ चं यान बिघडलं, तेव्हा अंतराळवीरांनी इंजिन नेमकं चौदा सेकंद चालवलं आणि ते सेकंद मनगटावरच्या स्पीडमास्टरवर मोजले, हे साडूंनी तिला इतक्या वेळा सांगितलं होतं, की ती म्हणाली, "द्या, आज वरणाला लावून बघते." तिने डाळ चढवली, बटण दाबलं, आणि कामाला लागली. थोड्या वेळाने साडूंनी विचारलं, किती झाले? ती म्हणाली, "तीन शिट्ट्या." घड्याळ ओट्यावर तसंच धावत पडलं होतं.

या घड्याळाने घरात एक चांगली गोष्ट मात्र केली. साडूंचा माळा वाचला. बंद पडलेल्या डाया, जुने हीटर, एका नादुरुस्त पंख्याची तीन पाती हे सगळं मेव्हणी भंगारात काढणार होती. साडूंनी तिला झेनिथ कंपनीच्या शार्ल व्हर्मो नावाच्या कामगाराची गोष्ट सांगितली. १९७५ च्या सुमारास वरून हुकूम आला, की चावीची घड्याळं संपली, आता सगळं क्वार्ट्झ, जुनी हत्यारं मोडीत काढा. या गृहस्थाने एल प्रिमेरो नावाच्या क्रोनोग्राफ यंत्राची हत्यारं, साचे आणि कागद गुपचूप कारखान्याच्या माळ्यावर नेऊन लपवले. काही वर्षांनी वारं फिरलं, माळा उघडला, आणि १९८८ साली खुद्द रोलेक्सच्या डेटोनात त्याच यंत्राच्या आधारे बनवलेलं यंत्र बसलं. 'लागेल कधीतरी' या विचारसरणीला जगात मिळालेलं हे सगळ्यांत मोठं यश. मेव्हणीने गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, आणि पंख्याची पाती तेवढी विकली.

साडूंची पुढची इच्छा मर्यादित आवृत्तीची आहे. जगात फक्त इतके नग, मागे नंबर कोरलेला. मी त्यांना सांगितलं, तुमचा हा मुलूख मर्यादित आवृत्तीत कोणालाही हार गेलेला नाही. २ ऑगस्ट १९५४ ला पोर्तुगीज गेले. त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडके होते, तरुण बाबासाहेब पुरंदरे होते. मग सात वर्षं इथल्या लोकांनी पंचायतीवर स्वतःचा कारभार चालवला. भारतात सामील होण्याच्या करारावर पंडित नेहरूंच्या बरोबरीने सही करायला तोलामोलाचा माणूस हवा, म्हणून बदलानी नावाच्या एका सनदी अधिकाऱ्याला १९६१ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसापुरता पंतप्रधान केलं. एक दिवस, एकच नग. असा तुकडा कुठल्या स्विस कंपनीने काढलाय?

"त्याला रीसेल व्हॅल्यू नाही," साडू म्हणाले.

रीसेलवरून आठवलं. साडूंच्या कपाटात पॉल न्यूमनचा फोटो आहे. या अभिनेत्याला मोटारशर्यतींचा नाद होता, म्हणून बायकोने त्याला ती न खपणाऱ्या तबकडीची डेटोना घेऊन दिली आणि मागच्या बाजूला कोरून घेतलं, की जपून चालव, आणि खाली 'मी'. आपल्याकडे हे ट्रकच्या मागे रंगवतात, तिने घड्याळाच्या मागे कोरलं. ते त्याने वर्षानुवर्षं वापरलं. मग १९८४ साली मुलीचा मित्र घरी आला होता, त्याला सहज विचारलं, किती वाजले? पोराकडे घड्याळच नव्हतं. न्यूमनने मनगटावरचं काढून त्याला देऊन टाकलं. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरांना गेलं, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे एकशेपंधरा कोटी रुपये. आणि तो मुलगा न्यूमनचा जावईसुद्धा झाला नाही! आम्हाला अधिक महिन्यात सासऱ्यांकडून तेहतीस अनारसे आणि चांदीचं निरांजन मिळालं होतं.

ही गोष्ट साडू फार रंगवून सांगायचे. परवापासून सांगत नाहीत. परवा त्यांची मुलगी एका मित्राला घेऊन सुरंगीला आली. मुलगा सालस, इंजिनिअर, मनगट रिकामं. आम्ही सगळे मुद्दाम जमलो होतो. सासऱ्यांनी गाव विचारलं, मेव्हणीने पोहे दिले, आणि साडूंनी उजव्या हाताने डावं मनगट झाकून घेतलं, ते पोहे खातानाही सोडेनात.

"काका, घड्याळ छान आहे," मुलगा म्हणाला.

"साधंच आहे," साडू म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून घड्याळ आल्यापासून प्रथमच निघालं.

मुलगा जरा पुढे वाकला. "पण काका, काटा हलत नाहीये. बंद पडलंय वाटतं. वापीत माझ्या ओळखीचा एक घड्याळजी आहे. द्या माझ्याकडे, करून आणतो."

आणि त्याने हात पुढे केला. साडू खुर्चीसकट मागे सरकले.

"द्या ना हो," मेव्हणी म्हणाली, "पोरगं एवढं म्हणतंय तर."